मरत्या डिस्कचा मानपान

पौडच्या बाजारात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. आत येणारा प्रत्येक नवा माणूस आधी विचारतो, "मालक कुठंयत?" मी म्हणते, "समोर बसलेत." तरी तो माझ्या खांद्यावरून मागं बघतो. त्यानं दुसऱ्यांदा मागं बघितलं की माझं डोकं फिरतं. लवळ्याच्या कॉलेजातली पोरं त्या मानानं शहाणी. ती एकमेकांना सांगूनच पाठवतात की तिथल्या काकू ओरडतात, पण काम चोख करतात. ओरडते हे खरंच आहे. लॅपटॉपवर चहा सांडायचा, तो उन्हात वाळवायचा, चालू करून जाळायचा आणि मग माझ्याकडं आणायचा, अशा माणसाला काय ओवाळू?

पण त्या सकाळी ओरडायचीही सोय नव्हती. फडक्यात गुंडाळलेला लॅपटॉप कडेवरच्या लेकरासारखा धरून माझ्या थोरल्या जाऊबाई दुकानात आल्या होत्या. त्यांना मी आक्का म्हणते. माझं माहेर पुण्यातलं. लग्न होऊन मुळशीच्या पाण्याकाठच्या या गावात आले तेव्हा मला चूल पेटवता येत नव्हती आणि भात लावता येत नव्हता. दोन्ही मला आक्कांनी शिकवलं आणि दोन्ही वेळा शिव्या घातल्या. त्यामुळं जगावर मी ओरडते, माझ्यावर फक्त आक्का.

"ह्ये टकटक करतंय," त्या म्हणाल्या.

आता आक्का जे बोलतात त्याला बोलणं म्हणायचं का, हा प्रश्नच आहे. मागच्या वर्षी त्यांच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा, पण आवाज गेला. उरला तो पत्र्यावर खडे ओतल्यासारखा खरखरीत. आणि गेला तो आवाज कुणाचा, तर ज्यांच्या पाळण्याशिवाय आमच्या गावात एका लेकराचं बारसं झालं नव्हतं त्यांचा! आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालायचे आणि त्या सगळ्या दंग्यावरून आक्कांचा आवाज वर चढायचा. रस्त्यावरनं जाणारी माणसंसुद्धा थांबायची. मी मूळची गाण्यातली औरंगजेब, पण माझ्याही अंगावर काटा यायचा.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाजाची नस तिथंच आहे, धक्का बसू शकतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी आमच्या महिला भजनी मंडळानं एक दुपार आक्कांना पडवीत बसवलं, कोंबड्या हाकलल्या, मिक्सर बंद करवला आणि त्यांचे सगळे पाळणे लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घेतले. ऑपरेशननंतर आक्का म्हणाल्या, "जिवापरीस आवाज मोठा हाय व्हय?" आणि विषय संपवला. पण तेव्हापासून त्या चारचौघींत मोठ्यानं तोंड उघडेनाशा झाल्या. भजनाला येतात, टाळ वाजवतात आणि नुसते ओठ हलवतात. हे मला बघवत नाही.

लॅपटॉप मंडळाचाच. निवडणुकीच्या तोंडावर कुणीतरी भेट दिलेला. बायकांनी पखवाज मागितला होता, आला लॅपटॉप! मग तो आक्कांच्या घरी तांदळाच्या कणगीवर जाऊन बसला. त्यात पुष्कळ जागा आहे हे कळायचा अवकाश, गावानं आपले फोन त्यात रिकामे करायला सुरुवात केली. फोन भरला की चला आक्कांकडं. लग्नं, जावळं, जत्रा, म्हशीचं पहिलं वेत, सगळं लॅपटॉपात. आणि लॅपटॉपात गेलं म्हणून फोनमधून पुसलेलं! मी कानीकपाळी ओरडत होते की बायांनो, दुसरी कॉपी ठेवा. त्यांनी ऐकलं, पेनड्राइव्ह आणला, सगळं त्यात भरलं, आणि जत्रेत गाणी लावायला तोच पेनड्राइव्ह डीजेवाल्याला दिला. तो डीजेवाला कुठल्या गावचा होता हेही आता कुणाला आठवत नाही. घ्या!

आणि नेमकी आत्ता त्या रेकॉर्डिंगची गरज पडली होती. आक्कांची एकुलती एक लेक, माझी पुतणी, महाळुंग्याला दिली आहे. तिथं ती उंच इमारतीत राहते, पण पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. मुलगी झाली होती. रविवारी बारसं ठरलं होतं. पुतणीनं आईला बजावलं, "आई, पाळणा तुझ्याच आवाजात लागला पायजे. दुसऱ्या कुणाचा मला नको." आक्का म्हणाल्या, "गप गं, लाज काढतीस माझी." पण त्याच दुपारी त्यांनी गुपचूप लॅपटॉप उघडला, आपला आवाज नीट आहे का बघायला. तर हे टकटक.

"मग काय केलं?" मी विचारलं.

"ह्यांनी थोपटला."

मी कपाळावर हात मारला. आमच्या थोरल्या दिरांचा ठाम समज आहे की बंद पडलेली कुठलीही वस्तू थोपटली की चालते. टीव्ही चालला, मोटर चालली, एकदा एसटीही चालली म्हणतात. मग लॅपटॉपनं काय घोडं मारलं होतं? एवढ्यावरही थांबले नाहीत. बातमी गावभर झाली, आणि जो तो येऊन "माझं हाय का बघू" म्हणत लॅपटॉप बंद-चालू करून गेला. मरायला टेकलेल्या माणसाला सगळ्या गावानं उठवून बसवायचं आणि मला ओळखलं का म्हणून विचारायचं, तसलाच प्रकार.

मी डिस्क बाहेर काढली, केबल लावून माझ्या मशीनला जोडली आणि कान लावला. आतली सुई अडखळत होती. सगळी डिस्क सलग उतरवायला घेतली तर मशीनच गोठून बसलं. पुण्याच्या मोठ्या लॅबमध्ये पाठवावी तर बारसं उलटून जाणार. एकच वाट होती. थोडं थोडं उतरवायचं, डिस्कला निवू द्यायचं, परत थोडं घ्यायचं. अशा डिस्कमध्ये किती दम शिल्लक आहे ते कुणी सांगू शकत नाही, म्हणून सगळ्यात मोलाचं असेल ते पहिल्यांदा काढायचं असतं. हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण.

"पाळण्यांचा फोल्डर आधी घेते," मी म्हणाले.

"न्हाई," आक्का म्हणाल्या. "देवाचं आधी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण नाही. आक्कांबरोबर जीपमधून भावकीतली चार टाळकीही आली होती, आणि ती आता दुकानात खुर्च्या ओढून बसली. ठरलं असं की आधी ग्रामदैवताच्या पालखीचे फोटो, मग जत्रेत ज्या घराचा पहिला मान त्या घराचं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. नैवेद्याच्या ओळीनं! त्यातही माशी शिंकलीच. एक म्हातारबाबा म्हणाले, आमच्या नातवाचं जावळ ह्यांच्या लग्नाच्या आधी निघालं पायजे, आमचा मान वरचा हाय. दुसरे म्हणाले, कवापासून? आणि माझ्या दुकानात, मदरबोर्डांच्या मधोमध, दोन पिढ्यांपूर्वीच्या कुठल्याशा जत्रेतला नारळ कुणी फोडला होता यावर वाद सुरू झाला.

"अहो, डिस्क शेवटच्या घटका मोजतीय आणि तुम्ही पंगत कसली मांडताय!" मी किंचाळले. शेजारचे चपलांच्या दुकानवाले चाचा धावत आले. त्यांना वाटलं शॉक बसला.

नारळाचा वाद मिटला, पण आक्का हलल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि त्या खरखरीत आवाजात म्हणाल्या, "हे बघ बाय. लोकांनी इस्वासानं माझ्या घरी आणून ठेवलंय. त्यांचं बुडालं आन् माझं तेवढं निघालं, तर मी तोंड कुटं दाखवू? पंगतीत घरची माणसं कवा बसत्यात?"

"मागून," मी म्हणाले.

"मग? बस की कामाला."

लग्नात, जत्रेत, तेराव्यालासुद्धा आम्ही घरच्या बायका शेवटी जेवतो, कधी भात उरतो, कधी नुसतं वरण. पण लॅपटॉपच्या डिस्कलाही कुणी पाहुणचाराचा नियम लावील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दुसरं कुणी असतं तर मी लॅपटॉप हातात ठेवून वाटेला लावलं असतं. आक्कांपुढं माझं काही चालत नाही.

बसले कामाला. पालखीचे फोटो निघता निघेनात. देव एक, पालखी एक, आणि फोटो गावातल्या प्रत्येक फोनमधून आलेले. भोई कुणाचा, चेहरा कुणाचा, अर्ध्या फोटोंत नुसतं कुणाचं तरी डोकं. मी एकेक उतरवत होते आणि मनात देवाशी भांडत होते. मध्येच लाइट गेली. धरण आमच्या उशाशी आणि अंधार आमच्याच नशिबी! चाचांनी आपल्या इन्व्हर्टरची वायर माझ्याकडं टाकली म्हणून निभावलं. गावातून फोनवर सल्ले सुरूच होते. कुणी म्हणालं फ्रिजमध्ये ठेवा, कुणी म्हणालं अंगारा लावा. माझे थोरले दीर म्हणाले, "जरा थोपटून बघ की." मी फोन ठेवून दिला.

शनिवारपर्यंत एकेक घर निघत गेलं. शेवटी दोनच फोल्डर उरले, एक बांधापलीकडच्या घरचा आणि एक आक्कांचा. बांधापलीकडच्या काकूंशी आक्कांचा अबोला आहे. बांधावरच्या आंब्याच्या फांदीवरून सुरू झालेला अबोला, आता त्या झाडापेक्षाही मोठा झालाय. मी आक्कांना फोन लावला. म्हटलं, टकटक वाढलीय, डिस्क आता जाईल. यांचं राहू दे, तुमचं घेते.

"त्यांनीबी माझ्याच घरी ठेवलंय नव्हं? त्यांचं काढ आधी."

"आक्का, अहो..."

"काढ म्हनलं ना!"

काढलं. एक भला मोठा व्हिडिओ होता, संपता संपत नव्हता. मी उघडून जरा पाहिलं, तर पडद्यावर नुसतं पत्र्याचं छत आणि फिरता पंखा. कुणीतरी फोन चालूच ठेवून कुठंतरी टाकून दिलेला. आवाज मी बंदच ठेवला होता, मला डिस्कची टकटक ऐकायची होती. त्या पंख्यासाठी डिस्कनं जीव ओतला. मग आक्कांचा फोल्डर उघडला. नावं दिसली, पहिली फाइल ओढली, सुई एकदा खरवडली आणि सगळं गप्प झालं. परत जोडून बघितली, केबल बदलून बघितली, मशीन बदलून बघितलं. गेली ती गेलीच. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि ढसाढसा रडले. रागानं रडले. तो पंखा समोर असता तर फोडला असता.

घरी जाऊन सांगायचं मोठं संकट होतं. आक्का बारशासाठी हरभरे निवडत होत्या. मी सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"देवाचं निघालं?"

"निघालं."

"लोकांचं?"

"सगळं."

"मग झालं तर. काय कुणी मेलंय व्हय?" त्या म्हणाल्या आणि निवडलेलेच हरभरे परत निवडायला लागल्या. मला ते दिसत होतं. पुतणी आतल्या खोलीत लेकीला घेऊन बसली होती. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

मी तशीच उठून दुकानात परत आले. गावातल्या बायकांना आपापलं घेऊन जायला बोलावलं होतं ना! एकेक येत होती, फोन पुढं करत होती आणि मी तोंड पाडून भरून देत होते. सगळ्यांत शेवटी बांधापलीकडच्या काकू आल्या. म्हणाल्या, "नीट आलंय का बघू तरी." मी रागानंच त्यांचा पंख्याचा व्हिडिओ लावला आणि आवाज मोठा केला.

दुकानात आक्का गायला लागल्या.

खरंच सांगते, माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. तोच आवाज, भरलेला, निर्मळ, कुठं फाटलेला नाही. पडद्यावर पंखा फिरतोय आणि मागं बायकांचा दंगा, बुक्क्यांचे आवाज, कुणीतरी घुगऱ्या मागतंय, आणि त्या सगळ्यावरून आक्का. फोन बहुतेक पाळण्याशेजारीच टाकलेला असावा, कारण आवाज इतका जवळचा होता की मध्ये श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येत होता.

"माझ्या नातवाचं बारसं," काकू म्हणाल्या. "अबोला तवाबी हुता. बोलावलं न्हवतं मी. आपली आपण आली, पाळण्याशी बसली, म्हनली आन् गेली. लेकराचा काय बांध हाय, म्हनली."

अगं बाई! मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. ही बाई प्रत्येक बारशाला गेलेली. गावातल्या ज्या ज्या घराचं आम्ही आधी काढलं, त्या प्रत्येक घराच्या बारशात मागं कुठंतरी ती गातेच आहे. मी सगळ्या फायली पुन्हा उघडल्या. कुठं कुत्रं भुंकतंय, कुठं हसण्यात बुडालेला, पण आवाज होताच. आक्कांनी पंगत आधी वाढली आणि वाढता वाढता आपलंच ताट भरून ठेवलं होतं. सगळ्यांत स्वच्छ मात्र तो पंख्याचाच. ज्या व्हिडिओला मी शिव्या घातल्या त्याच्यापुढं मी हात जोडले, दुसरं काय करणार?

काकूंना विचारलं, घेऊ का? त्या म्हणाल्या, "घे की. तिचाच हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझं नाव सांगू नको." आणि गेल्या.

पाळण्याच्या शेवटच्या कडव्यात लेकराचं नाव येतं. तिथं त्यांच्या नातवाचं नाव होतं, ते मी कापलं आणि तेवढी जागा मोकळी ठेवली. बाळाची आत्या, म्हणजे पुतणीची नणंद, महाळुंग्याहून येणार होती. तिला फोनवर सांगितलं की तुझा आवाज खणखणीत आहे, त्या जागेवर नाव तू घ्यायचंस. पुतणीलाही सांगितलं. आक्कांना मात्र मुद्दामच काही कळू दिलं नाही.

रविवारी ओटीवर पाळणा बांधला होता, झेंडूच्या माळा, फुगे, जावयाच्या हौसेची लाइटिंग. वरवंट्याला टोपडं घालून तो पाळण्याच्या खालून-वरून देऊन झाला. आत्या वाकली, बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि आमच्या गावच्या बायका तिच्या पाठीवर तुटून पडल्या. इमारतीत राहणाऱ्या त्या बिचारीला एवढ्या जोराची कल्पना नसावी. त्या गोंधळातच मी मंडळाच्या स्पीकरचं बटण दाबलं.

आवाज सुरू झाला आणि बुक्के थांबले. आक्का आत घुगऱ्यांपाशी होत्या. त्या हातात पळी तशीच घेऊन दारात आल्या. कुणाकडं बघितलं नाही. स्पीकरकडंच बघत राहिल्या, परक्या बाईला बघावं तसं. पुतणी पाळण्याची दोरी ओढत होती आणि रडत होती, मीही रडत होते, आणि लाज वाटत नव्हती.

शेवटचं कडवं आलं. नावाची मोकळी जागा आली. मी आत्याकडं बघून हात केला, पण ती कुठली! पाठ चोळत, हसता हसता ठसका लागून बसलेली. जागा रिकामीच गेली आणि आवाज पुढं निघाला.

"आगं ये भवाने, थांब की!" आक्का ओरडल्या. "पोरीचं नाव राह्यलं न्हवं! कसली घाई झालीया तुला?"

स्वतःच्याच आवाजाला ओरडल्या! सगळ्या ओटीसमोर, त्या खरखरीत गळ्यानं, वर्षभरात पहिल्यांदा. क्षणभर कुणाला काही कळेना, मग अशी हशाची लाट उठली की बाळ दचकून जागं झालं. मी स्पीकर बंद केला. बाळानं भोकाड पसरलं. आणि हसणं ओसरलं तशा सगळ्या बायका आक्कांकडं बघायला लागल्या.

आक्कांनी पळी माझ्या हातात दिली, पाळण्यापाशी गेल्या, लेकीच्या हातातून दोरी घेतली आणि तेच कडवं पहिल्यापासून म्हणायला घेतलं. सूर कुठं लागत होता, कुठं नुसता वारा येत होता. मध्ये दम तुटला, त्या थांबल्या, आवंढा गिळला आणि परत धरलं. नातीचं नाव आलं तिथं आवाज पुरता फाटला, पण नाव सगळ्यांना ऐकू गेलं. बांधापलीकडच्या काकू मागच्या दाराशी उभ्या होत्या, त्यांनी पहिल्यांदा सूर धरला, मग सगळ्याजणींनी. बाळ गप्प झालं.

संपल्यावर पुतणीनं डोळे पुसले आणि एकदम म्हणाली, "कुणी रेकॉर्ड केलं का?"

आम्ही एकमेकींकडं बघितलं. ओटीवर फोन नसलेली एकही बाई नव्हती, आणि एकीनंही फोन काढला नव्हता. मीसुद्धा नाही. पुतणीचा चेहरा पडला, ती पुन्हा रडायला लागली.

"आता रडतीस कशाला?" आक्का म्हणाल्या. "फुडच्या बारशाला मी हाय की." आणि माझ्या हातातली पळी घेऊन घुगऱ्या वाढायला आत गेल्या.